पेटीबरोबर मामंजी

४ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून कागद घेतला. कागद निदान वाचून मग फाडता येतो.

तुमचं पत्र पोचलं. इतक्या वर्षांनी तुमचं अक्षर बघून बरं वाटलं असतं, पण आत वाचायला काही नव्हतंच. 'बाबांची रिव्हॉल्व्हरची पेटी आतल्या सामानासकट पाठवून द्यावी. ती मला द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. एकही वस्तू कमी नको, सेट फोडला की त्याला काही अर्थ राहत नाही.' बाबा हा शब्द एकदाच, तोही पेटीला चिकटलेला. बाबा जेवतात का, चालतात का, तुम्हाला ओळखतील का, हे विचारायला शाई पुरली नसेल.

न विचारता सांगते. तुमच्या बाबांना आता न्हाणीघर कुठे आहे ते आठवत नाही. सासूबाई गेल्या हे आठवत नाही. स्वतःच्या मुलाला, तुमच्या दादांना, ते 'अहो साहेब' म्हणतात. आठवते ती फक्त पेटी. आंघोळ झाली की खिडकीशी बसतात, झाकण उघडतात, हिरव्या बनातीवरून हात फिरवतात. मग एकेक वस्तू बाहेर. आधी ते जुनं विलायती रिव्हॉल्व्हर, दारू आणि गोळी पुढून ठासायची आणि मागे तांब्याची टोपी बसवायची अशा काळातलं. मग मोठ्यानं नाव घेत बाकीचं: दारूची कुपी, गोळ्यांचा साचा, तेल, टोप्यांची डबी, सळई, पाना. पुसायचं, आपापल्या खणात ठेवायचं, झाकण लावायचं. आणि पुन्हा उघडायचं. जन्मभर बंदुकांच्या दुकानात बसलेला माणूस, बोटं अजून दुकानातच आहेत. घाबरू नका, डबीत टोप्या नाहीत आणि कुपीत दारू नाही. त्या रिव्हॉल्व्हरपेक्षा माझी कात्री जास्त धोक्याची आहे.

तर पेटी तुमचीच, कोण नाही म्हणतंय? पण सेट फोडायचा नाही, हे तुमचंच म्हणणं. मग पुरा न्या. त्या सेटमधलं सगळ्यात जुनं आणि सांभाळायला सगळ्यात अवघड सामान म्हणजे मामंजी. पेटी हवी तर पेटीबरोबर मामंजी, ही माझी अट.

मला चष्म्याच्या दुकानातली जागा परत मिळतेय. मामंजींना एकटं सोडता येईना म्हणून ती सोडली होती. मालकीणबाई म्हणतात, काचेला कड देणारा असा हात पुन्हा मिळाला नाही. मार्चच्या पहिल्या तारखेला कामावर या, त्यापुढे मी थांबणार नाही, असंही त्यांनी बजावलंय. समोर फिरतं चाक, त्यावर पाण्याची धार, बोटांत काच, आणि दिवसभर कुणी हाक मारत नाही. मला तिथे जायचंय वन्सं, मला दुसरं काही नको. तुमचे दादा घरी असतात, पण ते वर्तमानपत्र वाचतात. वाचून झालं की घडी घालतात आणि परत उघडतात.

या आणि घेऊन जा. नाही आलात तर पेटी मी तुम्हाला पाठवीनच, पण एकेक वस्तू करून. दर पत्राबरोबर एक. आणि इथे त्या रिकाम्या खणाशी ते काय करतात तेही कळवत जाईन. आपण जवळ नव्हतो, अशी रुखरुख तुम्हाला नको.

तुमची,
वहिनी


१४ जानेवारी

वन्सं,

उत्तर नाही. तेव्हा ठरल्याप्रमाणे सोबत तेलाची बाटली पाठवत आहे. काळ्या पत्र्याची, बुडाशी चेपलेली. मऊ फडक्यात गुंडाळली आहे, पोचा आला तर तो माझा नाही.

ते आंघोळीला गेले तेव्हा काढली. नंतर सगळं नेहमीसारखं चाललं होतं. 'तेल' म्हणाले आणि हात खणात गेला. बोटं बनातीवर फिरली. पुन्हा म्हणाले, 'तेल.' मग खुर्ची मागे सारून खाली बसले. टेबलाखाली पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, माझ्या चपला उचलून त्यांच्या आत पाहिलं. मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. कप लगेच पुढे केला असता तर ते सगळं विसरले असते, हे मला पक्कं माहीत आहे. मी जरा थांबले.

शेवटी त्यांनी डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली उचलली आणि त्या खणात ठेवली. चपखल बसली. 'हां, तेल,' म्हणाले. दुपारी मी औषध घालायला गेले तर बाटली देईनात. 'बंदुकीचं तेल डोळ्यांत घालतेस होय गं? आंधळा करतेस मला?' हसलात ना? मीही हसले. संध्याकाळपर्यंत डोळे लालभडक झाले, तेव्हा हसू आटोपलं.

तुमच्या दादांकडून कळलं की पेटी तुम्हाला नाही, जावईबापूंना हवी आहे. बैठकीत ठेवणार म्हणे, आल्यागेल्याला दिसेल अशी. ते बाकी मला समजतं. जावईबापू तुम्हाला मागायला आले तेव्हा मी या घरात नवी सून होते, पाण्याचा ट्रे घेऊन दाराआड उभी. मामंजींनी पेटीतलं सगळं टेबलावर मांडलं आणि म्हणाले, 'हे जागच्या जागी ठेवा आणि झाकण लावा. मग पुढचं बोलू.' जावईबापूंनी सगळं ठेवलं. साचा मात्र वर राहिला, झाकण लागेना. त्यांनी काढून परत ठेवलं. परत लागेना. कपाळावरचा घाम नाकावरून त्या बनातीवर टपकला. मामंजी म्हणाले, 'ज्याला एवढं एक झाकण लावता येत नाही, तो माझ्या मुलीचा संसार काय सावरणार?' सगळे हसले. सासूबाई, तुमचे दादा, आणि कुणाला दिसत नव्हते तरी मीसुद्धा.

तुम्ही त्याच महिन्यात त्यांच्याबरोबर निघून गेलात. मला तेव्हा तुमचं फार कौतुक वाटलं होतं. पण नंतर तुम्हीच एकदा मला लिहिलं होतंत की ह्यांच्या हाताला वळणच नाही, डबा उघडला की निम्मं खाली सांडतं, बाबांनी ओळखलं ते खोटं नव्हतं. आणि हे त्यांना तोंडावर ऐकवल्याशिवाय तुमचा दिवस जात नाही.

तेव्हा जावईबापूंना पेटी मिळू दे. तेल आलंच आहे, सरावाला सुरुवात करू दे.

तुमची,
वहिनी


२५ जानेवारी

वन्सं,

आलं बाई एकदाचं उत्तर! मी राक्षसीण आहे, म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी खेळते, माझ्या पोटात माया नाही. सगळं वाचलं. तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, म्हणजे नाक जागेवर आहे. पण येते असं कुठेच लिहिलं नाहीत. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी इकडे वळवायचा.

दादांना सांगेन म्हणता. जरूर सांगा. वर्तमानपत्राच्या पलीकडून 'हं' असा आवाज येईल.

या खेपेला साचा पाठवला आहे. चिमट्यासारखा दिसतो तो. शिसं ओतून गोळ्या पाडायचा. जड आहे, सांभाळून उघडा.

साच्याच्या जागी त्यांना काही सापडेना. हत्यारांच्या खणातून पक्कड आणली. ती लांब पडली. तिरकी घातली, उलटी घातली, झाकण काही लागेना. मग त्यांनी झाकणावर बुक्क्या मारायला सुरुवात केली. मी धरायला गेले तर मला ढकललं. अंगठ्याचं नख उलटलं आणि रक्त बनातीवर सांडलं. त्या हिरव्यावर ते काळं दिसतं, लाल नाही. डाग जायचा नाही, आधीच सांगून ठेवते, नाहीतर सेट खराब केला म्हणून पुन्हा माझ्याच नावानं ओरडाल.

अंगठा बांधत होते तेव्हा ते लहान मुलासारखे रडत होते. म्हणाले, 'ठकीला बोलवा. ठकीला माहीत आहे कुठे काय ते. ठकीचा हात कोरडा आहे.'

तुम्हाला लहानपणी ठकी म्हणायचे, हे मी विसरलेच होते. कोरड्या हाताचं मात्र विसरले नव्हते. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्या खोलीत केर काढायला गेले, तेव्हा त्यांनी माझा पंजा उलटा करून पाहिला आणि म्हणाले, 'घामट आहे. लोखंडाला गंज चढतो. या पेटीला ठकीशिवाय कुणाचा हात लागणार नाही, सुनेचा तर नाहीच.' सासूबाईंनाही तोच नियम होता. एवढी वर्षं मी पेटीच्या भोवतीची धूळ पुसली. पेटीवरची ते स्वतः पुसायचे. माझ्या त्याच घामट हातानं आज मी त्यांची लंगोटी बदलते, तिला गंज चढत नाही.

अंगठा सुजला आहे. मी मुद्दाम काही केलेलं नाही. तुम्ही मागितलं ते पाठवते आहे, इतकंच.

तुमची,
वहिनी


८ फेब्रुवारी

वन्सं,

या वेळी पार्सल नाही. का ते सांगते.

कुपी पाठवायची होती. ते आंघोळीला बसले आहेत असं समजून मी पेटी उघडली आणि कुपीवर हात ठेवला. आणि माझ्या खांद्यावर ओला हात पडला. अंगावर पंचा, साबण तसाच, माझ्यामागे उभे. आता काठी बसते म्हणून मी डोळे मिटले.

ते म्हणाले, 'ठके? कधी आलीस?'

वन्सं, त्यांच्या डोक्यात काही उरलं नसलं तरी तो नियम उरलाय. पेटीला ठकीशिवाय कुणाचा हात लागत नाही. हात लागलेला आहे. म्हणजे मी ठकी. त्यात त्यांना शंका येण्यासारखं काही नव्हतंच.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्यांनी मला समोर बसवलं. कुपीच्या तोंडाशी खटका आहे, तो दाबला की नेमकी एका बाराची दारू पडते, हे दाखवलं. माझं बोट धरून दाबून दाखवलं. मग माझ्या डोळ्यांवर आलेले केस कानामागे सारले आणि म्हणाले, 'किती वाळलीस गं. ते लोक जेवायला घालत नाहीत का?' आपल्या बशीतलं अर्धं बिस्किट मला दिलं. या घरात माझ्या डोक्यावरून असा हात कधी कुणी फिरवला नाही. मला रडू फुटलं. हे तुम्हाला लिहायचं नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी मी ठकी असते. दुपारी परत 'ए कोण आहे तिकडे' होते. अंगठा बरा होत आलाय. साचा नाही, तेल नाही, पण ठकी असली की त्यांना खण रिकामे दिसत नाहीत. कुपी पेटीतच राहू दिली आहे.

मला हे प्रेम नको आहे असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू? हवंसं वाटतं. आणि ते तुमच्या नावावरचं आहे म्हणून तुमचा राग येतो. तुम्ही इथे कधी एक ग्लास पाणी दिलं नाहीत आणि अर्धं बिस्किट तुमच्यासाठी ठेवलेलं.

आणखी एक. ते मध्येच थांबतात आणि म्हणतात, 'ठके, त्या मुलाचं तुला एक सांगायचं राहिलंय.' त्या मुलाचं म्हणजे जावईबापूंचं. मी लगेच चहाच्या निमित्तानं उठते, कारण ते ऐकायचा हक्क माझा नाही, एवढं मला कळतं. पण रोज उठणार किती? दोन दिवसांसाठी या. ऐका. आणि ऐकून झालं की घेऊन जा, अट तीच आहे. मालकीणबाईंचा निरोप येऊन गेला, माझ्या खुर्चीवरची धूळ झटकून ठेवली आहे म्हणाल्या.

तुमची,
वहिनी


२३ फेब्रुवारी

वन्सं,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. एक चौदा तारखेला आणि दुसरं आज. मधल्या दिवसांत जे झालं ते लिहिते. बसून वाचा.

चौदा तारखेच्या पत्रात तीनच ओळी होत्या. 'दोन दिवसांसाठी काय, दोन घटका येणार नाही. बाबांनी माझ्या नवऱ्याची चारचौघांत शोभा केली. मी मेले तरी त्यांना माफ करणार नाही, हे त्यांना सांगा. ठकीचं नाटक तुम्हाला एवढं जमतंय तर ठकी होऊन सांगा.' अक्षर घाईचं होतं, पण वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत त्या वाक्यावर आले. मी उठले, तर त्यांनी मनगट धरलं. जोर अजून आहे. म्हणाले, 'बस. आज सांगतो. साच्याच्या खणात बनातीखाली मी पुठ्ठा घातला होता. तो मुलगा बरोबर ठेवत होता गं. सगळं बरोबर ठेवलं होतं त्यानं. झाकण मी लागू दिलं नाही. नंतर पुठ्ठा काढून टाकला.' मी विचारलं, का? 'तुला जाऊ द्यायचं नव्हतं,' म्हणाले. 'कसं सांगणार? मग हसलो.'

मी नंतर पाहिलं. त्या खणाची बनात एका कोपऱ्यात सुटलेली आहे. म्हणजे जावईबापूंच्या हाताला वळण होतं, वन्सं. इतकी वर्षं डब्यांवरून तुम्ही त्यांना जे ऐकवलंत, त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

मग त्यांनी विचारलं, 'ठके, माफ करशील मला?'

हो म्हटलं असतं तर माझं काही जात नव्हतं. एक अक्षर. ते खूश झाले असते, अर्धं बिस्किट मिळालं असतं, जेवणापर्यंत सगळं विसरलेही असते. मी हो म्हणणारच होते. पण पत्र माझ्या हाताशी होतं आणि तुम्ही लेखी कळवलं होतंत. तुमच्या वतीनं खोटं बोलणारी मी कोण? मी म्हटलं, 'मी मेले तरी तुम्हाला माफ करणार नाही.' तुमचंच वाक्य, पदरचा एक शब्द घातला नाही. आवाज माझा होता. आणि लपवत नाही, तो आवाज काढताना मला बरं वाटलं. त्यांनी माझा पंजा उलटा करून पाहिला होता, त्या दिवसापासूनचं सगळं त्या एका वाक्यात मोकळं झालं.

ते 'बरं' म्हणाले. सगळं जागच्या जागी ठेवलं, झाकण लावलं आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

मला वाटलं, चहापर्यंत विसरतील. बायको गेलेली विसरले, मुलगा विसरले. हे विसरत नाहीत. मी काय करू? त्या दिवसापासून त्यांनी पेटी उघडलेली नाही. मी उघडून समोर ठेवली, कुपीवर हात ठेवून दाखवला, तर त्यांनी डोक्यावरून चादर ओढून घेतली आणि चादरीतून म्हणाले, 'ठकी रागावली आहे. तिला सांगा, मी घरी नाही.' मला वाटत होतं की निदान सकाळची ती वेळ तरी मला परत मिळेल. नाही मिळाली.

आज दुपारी तुमचं दुसरं पत्र आलं. 'पहिलं पत्र रागात लिहिलं, फाडून टाका. मी अठ्ठावीसला येते, बाबांना घेऊन जाते. मला त्यांना समोर बसवून सांगायचंय की मी सगळं विसरले.' वाचून मी धावत त्यांच्याकडे गेले. खरंच धावत गेले, यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका. म्हटलं, 'मामंजी, ठकी येणार आहे! तुम्हाला न्यायला येणार आहे!' ते उठले, भिंत धरत धरत न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावली. न्हाणीघर कुठे आहे ते आज बरोबर आठवलं. कितीही हाका मारल्या तरी उघडेनात. शेवटी तुमच्या दादांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि दार उचकटलं. मामंजी बादलीमागे अंग चोरून बसले होते, कपडे ओले.

त्यानंतर तासाभरानं एक बाई मामंजींना सांभाळायच्या कामाचं विचारायला आल्या. मामंजींनी त्यांना हात जोडले. 'बसा बाई, लांबून आलात का?' म्हणाले. अनोळखी माणसाची त्यांना भीती वाटत नाही. बाईंना लहान मूल आहे, दिवसभर थांबायला जमणार नाही म्हणून त्या गेल्या. पण होत्या तेवढा वेळ मामंजी त्यांच्याशी शांतपणे बोलत बसले.

म्हणून तुम्ही याच. एक तारखेला मी दुकानात जाणार आहे, ते काही आता बदलत नाही. न्यायचं तर न्या, इथेच राहून बघायचं तर राहा. पण दारात 'बाबा' म्हणून हाक मारू नका. ठकी आहे असं सांगू नका, माफीचं तर नावच काढू नका, ते परत कडी लावतील. कामाला आलेली नवी बाई आहे असं सांगा. चेहऱ्यावरून ते तुम्हाला ओळखणार नाहीत, मी तुमचा फोटो दाखवून पाहिला आहे. बसा म्हणतील. पेटी उघडून दाखवायला जाऊ नका, तुमचा हात तिच्यावर दिसता कामा नये. जावईबापूंना हवी तर त्यांच्याकडे पाठवून द्या, इथे ती कुणाला लागत नाही.

बाकी काम फारसं नाही. जेवू घाला, आंघोळ घाला, औषध वेळेवर द्या. जेवण झालं की ते समोर असेल त्या बाईला आपल्या मुलीबद्दल सांगत बसतात. मध्ये बोलू नका, ऐकून घ्या. तिच्याबद्दल ते फार चांगलं बोलतात.

तुमची,
वहिनी